थ्रेड की असिंक? आधी रिक्वेस्ट काय करते ते बघा

हिंजवडी-खराडीच्या मुलाखतींत "नोड फास्ट, जावा जड" असं बिनधास्त ठोकून दिलं जातं. नोड म्हणजे असिंक, जावा म्हणजे थ्रेड, असं त्यामागचं गणित. त्या भरवशावर सर्व्हर निवडू नका. तुमची रिक्वेस्ट वेळ कुठे घालवते ते बघा: वाट बघण्यात, की हिशेब करण्यात?

थ्रेड म्हणजे सर्व्हरमधला एक कामगार समजा. थ्रेडच्या पद्धतीत चालू असलेल्या प्रत्येक रिक्वेस्टमागे एक थ्रेड अडकतो. टॉमकॅट या जावाच्या सर्व्हरमध्ये मुळातली मर्यादा २०० ची. डेटाबेस दोन सेकंद अडला की दोनशेच्या दोनशे ताटकळतात आणि पुढची रिक्वेस्ट रांगेत. पण कोड वरून खाली सरळ वाचता येतो, आणि रात्री दोनला एरर आली तर स्टॅक ट्रेस (कुठल्या फंक्शनमधून कुठे गेलो त्याची यादी) नेमक्या ओळीवर नेऊन सोडतो. हा फायदा लोक उगाच कमी लेखतात.

असिंकमध्ये, म्हणजे वाट बघताना दुसरं काम हाती घेण्याच्या पद्धतीत, एकच इव्हेंट लूप (कामं आळीपाळीने उरकणारं चक्र) हजारो कनेक्शन सांभाळतो. विसर्जनाच्या दिवशी कुठला गणपती लक्ष्मी रोडवर कुठवर आलाय हे दाखवणारं ॲप घ्या. हजारो मोबाइल कनेक्शन धरून बसलेत, मधूनच चार आकडे जातायत. ६४-बिट लिनक्सवर जावाचा साधा थ्रेड नुसत्या स्टॅकसाठी (चालू फंक्शनांच्या नोंदींसाठी) १ एमबी जागा राखतो, सगळी वापरली नाही तरी. इथे डोळे झाकून असिंक.

त्याच लूपमध्ये कुणी वर्गणीच्या पावत्यांच्या पीडीएफ बनवायला घेतल्या, की सगळे मोबाइल गप्प. पायथनमध्ये तर एवढंही लागत नाही. असिंक फंक्शनमध्ये वेबवरून माहिती आणणाऱ्या रिक्वेस्ट्स लायब्ररीचा साधा गेट कॉल राहून गेला, तर समोरून उत्तर येईपर्यंत लूप ठप्प. एरर काहीच दिसत नाही, म्हणून शोधताना घाम फुटतो.

जावावाल्यांनी २०२३ च्या जावा २१ मधले व्हर्च्युअल थ्रेड आधी बघावेत. कोड नेहमीसारखाच, वाट बघताना खालचा खरा थ्रेड मोकळा. सिंक्रोनाइज्ड ब्लॉकमध्ये (एका वेळी एकाच थ्रेडला आत घेणाऱ्या कोडमध्ये) थांबलं तर मात्र तोही अडकायचा. हे दुखणं जावा २४ मध्ये बहुतांशी गेलं.

बिलं, हजेरी, स्टॉक असलं रोजचं सॉफ्टवेअर असेल तर मी थ्रेडच ठेवीन. तिथे अडतं ते बहुतेक डेटाबेसपाशी. पोस्टग्रेस हा डेटाबेस मुळात १०० कनेक्शन घेतो. पुढे असिंक लावून पाच हजार रिक्वेस्ट आत घेतल्या तरी रांग तिथेच लागणार. आधी संथ क्वेरीला इंडेक्स द्या, कनेक्शन पूल (पुन्हापुन्हा वापरायच्या कनेक्शनचा साठा) नीट लावा. तरीही थ्रेड कमी पडले, तर असिंकचं बोलू.