जुना बाजार: शोरूमची पाटी घेताना आधी पत्ता वाचा

पुण्यात मंगळवार पेठेतला जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. गाड्यांच्या बंद पडलेल्या शोरूमचं सामान तिथे पाने, नळाच्या तोट्या आणि टेपरेकॉर्डरच्या ढिगातूनच उपसावं लागतं. डीलरच्या नावाचं किचेन, डिकीवर स्क्रूने बसवायचा बिल्ला, सर्व्हिस बुक, कधीतरी पार्ट्स कॅटलॉग. एनॅमलची मोठी पाटी दिसली तर त्या दिवशी बाकी काही बघू नये.

पाटी किती जुनी, हे विक्रेत्याला विचारण्यात अर्थ नाही. पत्ता वाचावा. शहराचं नाव इंग्रजीत 'पूना' असेल तर वस्तू बहुधा १९७८च्या आधीची. 'पुणे' हे नाव अधिकृत झालं ते त्या वर्षी. 'बहुधा' अशासाठी की छापलेली लेटरहेडं संपल्याशिवाय नवी काढणारा दुकानदार पुण्यात शोधून सापडायचा नाही. सहा आकडी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ला आला, त्याआधी शहराच्या नावापुढे नुसता टपाल विभागाचा आकडा, 'पूना २'. गाडीचं नावही बोलतं. चेतक स्कूटर १९७२ची, पहिली मारुती ८०० डिसेंबर १९८३मध्ये ग्राहकाच्या हाती पडली. 'साठच्या दशकातली चेतकची पाटी' असं कोणी म्हणालं की हसून पुढे जावं.

नकली माल भरपूर. लोहचुंबक इथे कामाचं नाही, खऱ्या-खोट्या दोन्ही पाट्या लोखंडी पत्र्याच्याच. बोट फिरवावं: एनॅमल म्हणजे भट्टीत पत्र्यावर वितळवलेली काच, प्रत्येक रंगाचा थर वेगळा भाजलेला, त्यामुळे अक्षराच्या कडेला बारीक उंचवटा लागतो. छापील पत्रा सपाट. खऱ्या पाटीचे टवके स्क्रूच्या भोकांभोवती आणि कडांना उडतात, आणि गंज टवक्यापुरताच राहतो. सगळीकडे सारखा तपकिरी डाग असेल तर तो लावलेला. माहितीपत्रकासाठी भिंग न्यावं: मूळ छपाईत काळी अक्षरं सलग काळी दिसतात, स्कॅन करून काढलेल्या प्रतीत तीच रंगीत ठिपक्यांत फुटतात.

घरी आणल्यावर साबणाचं पाणी आणि मऊ फडकं, बस. तारेची घासणी लावली की चकाकी गेलीच. टवक्यावर शिलाई मशीनच्या तेलाचं बोट फिरवावं. कागद लॅमिनेट करू नये, तो पुन्हा सुटत नाही. सेलोटेपही नको, पिवळी पडते. फ्रेम करताना काच आणि कागदात फट ठेवावी, नाहीतर पावसाळ्यात कागद काचेला चिकटतो. घराच्या बाहेरच्या, ओल धरणाऱ्या भिंतीवर तर टांगूच नये, कसर आधी तिथेच लागते.

बाजाराला पाचात चार. एक गुण पार्किंगपायी गेला; मेट्रोने मंगळवार पेठ स्थानकावर उतरावं. सकाळी लवकर, सुटे पैसे घेऊन. आणि पाटी लावताना स्क्रूखाली रबरी वॉशर घालावा, शेवटचा फेरा आवळू नये. पत्रा वाकतो, काच वाकत नाही, आणि टवका नेमका नावावरच उडतो.