थार सीआरडीईचे सस्पेन्शन: दोन इंची लिफ्ट किट घेण्याआधी

२०१० ते २०२० या काळात विकली गेलेली महिंद्राची थार सीआरडीई (कॉमन रेल डिझेल इंजिनची जुनी थार) आता सेकंडहँड बाजारात बरीच दिसते, आणि घेणारा पहिल्याच आठवड्यात दोन इंची लिफ्ट किटची, म्हणजे गाडी तेवढी उंच करणाऱ्या सस्पेन्शनच्या भागांच्या संचाची, चौकशी सुरू करतो. किट चांगलं असू शकतं. पण गाडी उडते, वळणावर झोकांडते, खड्ड्यातून गेली की पुढून 'टक्‌' असा आवाज येतो, या तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा झिजलेल्या रबरी बुशात (सांध्यातल्या रबरी नळीत) आणि संपलेल्या शॉकअपमध्ये (शॉक अ‍ॅब्सॉर्बरमध्ये) असतं. त्यावर नुसते नवे पाटे (मागच्या स्प्रिंगच्या कमानदार पोलादी पट्ट्या) चढवले तर गाडी उंच होते, दुखणं मात्र तसंच राहतं.

या गाडीला पुढे डबल विशबोन (प्रत्येक चाकाला वर-खाली दोन आर्म) आणि टॉर्शन बार (पीळ घेऊन स्प्रिंगचं काम करणारी पोलादी दांडी), मागे अखंड अ‍ॅक्सल आणि कमानपाटे. २०२० साली आलेल्या नव्या थारला पुढे-मागे कॉइल स्प्रिंग आहेत, त्यामुळे तिचं किट इथे बसत नाही. दुकानाच्या जाहिरातीत नुसतं 'थार' लिहिलेलं असतं. मॉडेल विचारल्याशिवाय पैसे देऊ नका.

तपासणीची सुरुवात टेपने करा. सपाट फरशीवर गाडी उभी करून चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या काठापर्यंत सरळ वर माप घ्या. जमिनीपासून मोजलं तर टायरची हवा आणि झीज मापात घुसते. डाव्या-उजव्यात १०-१५ मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर एका बाजूचा बार किंवा पाटा बसलेला, म्हणजे खचलेला, आहे.

मग शॉकअप. बॉनेट दाबून गाडी हलवण्याची चाचणी फक्त पूर्ण मेलेला शॉकअप पकडते. त्यापेक्षा तो खोलून हातात घ्या. सरळ उभा धरून दाबा आणि ओढा: दिशा बदलताना क्षणभर दांडा मोकळा सरकला तर आतलं तेल किंवा व्हॉल्व्ह गेलेला आहे. गॅसचा शॉकअप दाबून सोडल्यावर आपोआप वर यायला हवा. अंगावर तेलाचा पुसट ओलावा चालतो. धूळ चिकटून चिखल झालेला असेल किंवा थेंब गळत असतील तर तो बदलायचाच, आणि बदलायचा तर जोडीने.

बॉल जॉइंट (आर्म आणि चाकाचा फिरता सांधा) तपासताना जॅक कुठे लावता यावर सगळं अवलंबून आहे. टॉर्शन बार ज्या आर्मला जोडलेला असतो त्याच आर्मच्या बॉल जॉइंटवर गाडीचं वजन येतं, आणि वजन असताना ढिला जॉइंटही घट्ट वाटतो. ते वजन उतरेल अशा जागी जॅक लावा, घोडी (गाडी पेलणारा स्टँड) द्या, टायरखाली टॉमी (पहार) घालून चाक वर उचलून पाहा. चाक वर-खाली हललं तर दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगा. हलणं थांबलं तर दोष बेअरिंगचा, तसंच राहिलं तर बॉल जॉइंटचा. आडवं हललं तर टाय रॉड एंड (स्टिअरिंगच्या दांड्याचा सांधा) बघा.

मागे प्रत्येक शॅकलच्या (पाट्याचं मागचं टोक चेसिसला लटकवणाऱ्या दुव्याच्या) बुशात टॉमी घालून हलवा. पाट्याचा तडा सेंटर बोल्टजवळ (पाटे मधोमध एकत्र धरणारा बोल्ट) किंवा क्लिपखाली सापडतो, म्हणून तिथली माती खरवडल्याशिवाय पाटा चांगला म्हणू नका. पाट्याच्या पुढच्या पिनपासून अ‍ॅक्सलपर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंनी मोजा. फरक आला तर बहुधा सेंटर बोल्ट तुटून अ‍ॅक्सल सरकलाय. अशी गाडी रस्त्यावर तिरकी चालते, आणि कितीही व्हील अलाइनमेंट केली तरी सरळ होत नाही.

आता बाजारातले उपाय. फुकटातला म्हणजे टॉर्शन बारचा बोल्ट आवळणे. बसलेली गाडी मूळ उंचीला आणायला तो उत्तम आहे. लिफ्ट म्हणून वाईट. आवळल्याने बार कडक होत नाही, फक्त त्याची सुरुवातीची पीळ वाढते. चाकाला खाली उतरायला जागा उरत नाही, आर्म रबरी स्टॉपवर आपटतो, ड्राइव्ह शाफ्टचा कोन वाढून बूट फाटतात. लांब शॅकलही असाच. पाट्याचं एकच टोक खाली जातं, म्हणून दोन इंच लांब शॅकलने गाडी साधारण एक इंच वर येते. वर अ‍ॅक्सल फिरून डिफरन्शियलचं तोंड वर होतं आणि प्रॉपेलर शाफ्ट थरथरायला लागतो. पाटे ठोकून कमान वाढवून घेणं स्वस्त पडतं, पण जुनं पोलाद थोड्याच महिन्यांत परत बसतं. लिफ्टसाठी या तिन्हींच्या नादी लागू नये.

पूर्ण किट, म्हणजे जास्त कमानीचे पाटे, लांब शॉकअप, नवे यू-बोल्ट (पाटे मागच्या दांड्याला आवळणारे) आणि बुश, हे मात्र पैसे वसूल करतं. अट एकच: पाट्याची ताकद कायमच्या वजनावर ठरवा. लोखंडी बंपर, विंच, छतावरचं कॅरिअर बसलेलं असेल तर जड पाटे. गाडी रिकामी फिरत असेल तर जड पाटे ताम्हिणीच्या उखडलेल्या वळणावर मागचं चाक उचलून बाजूला टाकतात, आणि घाटात ते धोक्याचं आहे. शहरात जास्त आणि सुट्टीला कोकणात, एवढाच वापर असेल तर मूळ उंचीचे नवे पाटे, नवे बुश आणि गॅसचे चांगले शॉकअप हाच सगळ्यात समाधानाचा बदल आहे. पॉलियुरेथेनचे बुश टिकतात, पण त्यांना सिलिकॉन ग्रीस लागतं. नाहीतर करकर ऐकत बसावं लागेल.

कायद्याचाही विचार हवा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीने ठरवलेल्या रचनेत परस्पर बदल करू देत नाही, आणि २०१० च्या गाड्यांची पंधरा वर्षांनंतर पुन्हा करायची नोंदणी आता आरटीओसमोर यायला लागली आहे, तिथे असा बदल अडचणीचा ठरू शकतो.

बसवताना सर्वात जास्त बिघडतं ते इथे: गाडी घोडीवर असतानाच बुशांचे बोल्ट पूर्ण आवळले जातात. चाकं लोंबकळत असताना आवळलेला रबरी बुश गाडी खाली आली की पिळून राहतो आणि लवकर फाटतो. आधी सगळं हाताने अडकवा, गाडी चाकांवर उतरवा, दोन-तीनदा दाबून बसू द्या, मग टॉर्क पान्याने आवळा. जुने यू-बोल्ट परत वापरू नका, त्यांचे आटे ताणलेले असतात. चारही नट एकाआड एक, थोडेथोडे करत आवळा. चाकं पूर्ण लोंबकळवून ब्रेकचा होज ताणला जात नाही ना ते बघा. मागच्या अ‍ॅक्सलला ब्रेकचा लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह (वजनानुसार मागचे ब्रेक कमी-जास्त करणारा) जोडलेला असेल तर त्याचा दांडाही नव्या उंचीला जुळवून घ्या, नाहीतर त्याला गाडी रिकामी वाटते आणि मागचे ब्रेक कमी लागतात.

अलाइनमेंट उंची पक्की झाल्यावरच. नवे पाटे थोडे बसतातच, म्हणून ५०० किमीनंतर यू-बोल्ट पुन्हा आवळा, टेपने चारही मापं पुन्हा घ्या, आणि टॉर्शन बारने पुढची उंची मागच्याशी जुळवून मगच गाडी अलाइनमेंटला न्या.