लाल कोळ्यावर कोणता परभक्षी सोडावा: पर्सिमिलिस की कॅलिफोर्निकस?

लाल कोळी म्हणजे पानांतला रस शोषून जाळी विणणारी बारीक कीड. पर्सिमिलिस आणि कॅलिफोर्निकस हे तिला खाणारे परभक्षी कोळी, बाटलीत किंवा पुडीत विकत मिळणारे. एकाच वेळी दोन्ही मागवावेत असे क्वचितच असते, म्हणून आधी निवड करायला हवी.

वेगाच्या बाबतीत पर्सिमिलिसला तोड नाही. तो जाळ्यांत सरळ घुसतो. मादी दिवसाला किडीची वीसेक अंडी किंवा पाचेक प्रौढ लाल कोळी फस्त करते. 25 अंशांच्या आसपास त्याची पिढी आठवड्याभरात तयार होते, म्हणजे लाल कोळ्याच्याही आधी. पानांवर जाळी चढली असेल तर मी हाच सुचवेन.

पण एक गोष्ट फार खटकते. लाल कोळी (ठिपकेवाला कोळी तो हाच) आणि त्याचे भाऊबंद सोडून तो जवळपास काहीच खात नाही. भक्ष्य संपले की तो उपाशी मरतो, नाहीतर निघून जातो. झाड स्वच्छ दिसते, आपण निर्धास्त होतो, आणि शिरेलगत राहिलेल्या चार-पाच अंड्यांतून कीड पुन्हा उभी राहते. तोवर झाडावर राखणदार उरलेला नसतो. मग पुन्हा नवी बाटली, तीही शक्यतो आल्या दिवशीच रिकामी करायची. शिवाय हवेतली आर्द्रता 60 टक्क्यांच्या बरीच खाली गेली की त्याची अंडी सुकतात, आणि तापमान तिशीच्या वर गेले की त्याचा जोर ओसरतो.

कॅलिफोर्निकस सावकाश काम करतो. दाट जाळ्यांत त्याच्याकडून झटपट निकालाची अपेक्षा ठेवू नये. मात्र लाल कोळी नसतील तेव्हा परागकण, इतर बारीक कोळी, फुलकिड्यांची लहान पिल्ले यांवर तो तग धरतो. कोरडी, उष्ण हवाही त्याला बऱ्यापैकी सोसते. कीड परत आली तर तो आधीच झाडावर असतो. माझ्या मते वारंवार कीड येणाऱ्या झाडांसाठी हाच गुण मोलाचा आहे.

सोडण्याच्या पद्धतीत चुका होतात. भुशात मिसळलेले सुटे परभक्षी असलेली बाटली आधी आडवी धरून हळूहळू फिरवावी, कारण ते टोपणाकडे गोळा होतात आणि न फिरवता ओतले तर पहिल्या दोन-चार झाडांवरच सगळे उतरतात. कॅलिफोर्निकसची पुडी सावलीत, पानांना टेकेल अशी टांगावी. ती भिजली की आतला कोंडा कुजतो. साधारण दहा-वीस किडींमागे एक परभक्षी हे प्रमाण धरावे. कीड त्याहून जास्त असेल तर आधी पाण्याच्या फवाऱ्याने पाने खालून धुऊन मग सोडावेत. पायरेथ्रॉइड गटातले कीटकनाशक फवारले असेल तर काही आठवडे थांबावे, त्याचा अंश पानावर बराच काळ टिकतो.

दोन आठवड्यांनी दहापट भिंगातून पानाची खालची बाजू पाहावी. किडीची अंडी गोल असतात, परभक्षीची लांबट आणि जवळपास दुप्पट मोठी. पर्सिमिलिस नारिंगी-लाल आणि चपळ दिसतो, कॅलिफोर्निकस फिकट आणि शोधायला अवघड.

पालापाचोळ्यातला स्ट्रॅटिओलेलॅप्स हा आणखी एक परभक्षी कोळी या कामाला चालत नाही. तो मातीच्या वरच्या थरात बुरशीमाशीच्या (फंगस नॅट) अळ्या आणि फुलकिड्यांचे कोष खातो, पानांवर फारसा चढत नाही.

जाळी दाट असतील तर आधी त्या ठिकाणांपुरता पर्सिमिलिस, आणि कीड आटोक्यात येताच कॅलिफोर्निकसच्या पुड्या. जाळी नसतील तर पहिल्यापासून पुड्याच टांगाव्यात.