.२२ चे हलके रिव्हॉल्व्हर : वर्षभराच्या वापरानंतर

राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक जिंकले, तेव्हापासून कोल्हापुरातील माझ्यासारख्या हौशी माणसालाही नेमबाजीची ओढ लागली. रीतसर परवान्यावर घेतलेल्या या .२२ (म्हणजे सुमारे ०.२२ इंच व्यासाची गोळी लागणाऱ्या) रिव्हॉल्व्हरचा गोळी सुटतानाचा धक्का नगण्य असल्यामुळे हात थकत नाही; मात्र नळी आखूड असल्याने नेम धरण्यासाठी नळीवर असलेली पुढची माशी (उंचवटा) आणि मागची खाच यांतले अंतर कमी पडते, आणि मनगट केसभर हलले तरी गोळी काळ्या वर्तुळाबाहेर जाते. अंगठ्याने घोडा (गोळीवर आघात करणारा मागचा खटका) आधी मागे ओढून घेतल्यास चाप हलका लागतो व नेम टिकतो. रिकाम्या चेंबरवर (गोळी बसते त्या कप्प्यावर) घोडा सोडू नये, कारण आघात करणारी पिन थेट चेंबरच्या काठावर आदळते. १० मीटरच्या सरावासाठी हे शस्त्र मला मनापासून आवडते.