फोनवरच्या ऑफिस मेलसाठी सर्व्हर: थेट मशिनवर की व्हीएममध्ये?

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या आमच्या फाउंड्रीत मेल सर्व्हर स्वतःचाच आहे. गिऱ्हाइकांची ड्रॉइंग, शेड्यूल, रिजेक्शनचे फोटो सगळं त्यावरच येतं. ते बघणारी माणसं टेबलापाशी बसलेली नसतात. मोल्डिंगला, फर्नेसपाशी, डिस्पॅचच्या गाडीजवळ असतात. त्यामुळे मेल फोनवर लगेच आला पाहिजे. सुरुवातीची काही वर्षं हा सर्व्हर थेट मशिनवर चालवला, २०१९ च्या दिवाळीनंतर व्हीएममध्ये (व्हर्च्युअल मशीन, म्हणजे मशिनच्या आत सॉफ्टवेअरनं बनवलेलं दुसरं मशीन) नेला.

वेगाबद्दल फार विचार करू नका. आमच्या अडतीस फोनांना तरी फरक कळला नाही. मेल उशिरा यायचा तो वेगळ्याच कारणानं. अ‍ॅक्टिव्हसिंकमध्ये (फोनवर मेल पोचवायची मायक्रोसॉफ्टची पद्धत) फोन सर्व्हरशी एक कनेक्शन बराच वेळ उघडं धरून ठेवतो आणि फायरवॉल, म्हणजे नेटवर्कच्या दारावरचा पहारेकरी, ते मध्येच तोडतो. ती मुदत ३० मिनिटांपर्यंत वाढवा, असं मायक्रोसॉफ्टच सांगत आलं आहे. आम्ही वाढवली आणि तक्रारी थांबल्या. सर्व्हर कशावर चालतो याचा इथे काही संबंध नव्हता.

माझा निर्णय झाला तो ऑगस्ट २०१९ मध्ये. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. त्या पुरात पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. शिरोलीजवळ महामार्ग बंद. शेडमध्ये पाणी शिरलं नाही, पण लाइट जात-येत राहिली आणि सर्व्हरचं रेड (RAID) कार्ड, म्हणजे त्याच्या डिस्क सांभाळणारं कार्ड, गेलं. रस्ता सुटल्यावर पोचलो आणि मशीन उघडलं, तर पंख्याच्या पात्यांवर मोल्डिंगच्या काळ्या वाळूचा थर बसलेला. त्याच मॉडेलचं कार्ड कुठे मिळेना. शेवटी दुसऱ्या मशिनवर सगळं नव्यानं बसवलं.

मेल परत आले, एकही हरवला नाही. फोन मात्र जुळेनात. फोनना मेल देण्यासाठी आम्ही झेड-पुश हे सॉफ्टवेअर वापरतो. कोणत्या फोनला कुठपर्यंत मेल दिला याची नोंद ते सर्व्हरवर वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवतं. बॅकअप फक्त मेलबॉक्सचा होता. ती नोंद गेली, फोनला सर्व्हरची ओळख पटवणारं, आमचं स्वतः बनवलेलं सर्टिफिकेटही गेलं. मग अडतीस जणांचे फोन एकेक करून हातात घेतले. खातं काढा, पुन्हा टाका, पासवर्ड विचारा, पहिला सिंक होईपर्यंत थांबा. रात्रपाळीच्या सुपरवायझरला गाठायला दोन रात्री शेडवर थांबलो. पुरानं आधीच दमलेल्या माणसांना या कामासाठी थांबवून ठेवावं लागलं, याचं मला फार वाईट वाटलं.

बॅकअप नीट घेतला असता तर थेट मशिनवरही हे टळलं असतं, हे मान्य. पण तिथे काय काय उचलायचं ते आधी आठवावं लागतं. व्हीएममध्ये अख्खी डिस्कच उचलली जाते; नोंदी, सर्टिफिकेट, आपण विसरलेलं सगळं तिच्यासोबत येतं. खालचं मशीन कुठल्या कंपनीचं, कार्ड कोणतं, याच्याशी तिला देणंघेणं नसतं. जुलै २०२१ मध्ये महामार्गावर पुन्हा पाणी आलं, तेव्हा रात्रीची कॉपी कोल्हापुरात राजारामपुरीतल्या ऑफिसात चालू केली आणि डीएनएसमध्ये (नावावरून सर्व्हर शोधून देणारी यादी) पत्ता बदलला. एकाही फोनला हात लावावा लागला नाही.

व्हीएमलाही काळजी लागतेच. स्नॅपशॉट (व्हीएमची त्या क्षणीची स्थिती टिपून ठेवणं) म्हणजे बॅकअप नव्हे. जुन्या स्नॅपशॉटवर मागे गेलात तर मधल्या काळात आलेले मेल गेले, आणि घेऊन विसरलात तर तो फुगत जाऊन डिस्क भरते. आमची एकदा भरली होती. त्याच मशिनवर टॅलीचंही व्हीएम असेल तर मेमरी आधीच वाटून द्या. व्हीएम थांबवून पुन्हा चालू केलं की घड्याळ मागे राहू शकतं, तेही बघा. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार लॉग (सर्व्हरवर काय केव्हा घडलं त्याच्या नोंदी) १८० दिवस ठेवावे लागतात. वेळच चुकली तर त्या लॉगचा उपयोग नाही.

व्हीएम चालवायला आम्ही प्रॉक्समॉक्स हे सॉफ्टवेअर घेतलं. व्हीएमवेअर ब्रॉडकॉमकडे गेल्यावर फेब्रुवारी २०२४ मध्ये त्यांचं तशाच कामाचं फुकटचं ईएसएक्सआय बंद झालं, पुढच्या वर्षी परतही आलं. अशा धरसोडीवर मला अवलंबून राहायचं नाही. तुमच्याकडे ईएसएक्सआय बसलेलं असेल तर मुद्दाम बदलू नका.

आठ-दहाच फोन असतील आणि व्हीएमचं बघणारं कुणी नसेल, तर थेट मशीनही चालेल, कदाचित सोपं पडेल. माणसं पंधरा-वीसच्या पुढे, त्यात पाळ्या, आणि सर्व्हर नदीपलीकडे असेल तर मी तरी व्हीएमच म्हणेन. फक्त जुनी आणि नवी प्रत एकाच वेळी कधीही चालू ठेवू नका; मेल दोन्हीकडे वाटले जातात आणि मग निस्तरताना हाल होतात.

आमची कॉपी रोज रात्री दोन वाजता जाते. महिन्याच्या शेवटच्या रविवारी राजारामपुरीत ती चालू करतो, इंटरनेटला न जोडलेल्या वायफायवर, आणि माझा एकच फोन तिला जोडून मेल उघडतात का ते बघतो.