पैसे ‘स्टुडिओ लाइटिंग’चे, आणला नुसता फ्लॅश

आईचं सहस्रचंद्रदर्शन दादरला घरीच करायचं ठरलं, तेव्हा आम्हा भावंडांची एकच हौस होती. नऊवारी, नथ, शेजारी बाबा, असा हॉलमध्ये लावण्यासारखा एक फोटो. इन्स्टाग्रामवर सापडलेल्या एका फोटोग्राफरने कोटेशन दिलं: शूटचे ११,००० आणि खाली वेगळी ओळ, ‘स्टुडिओ लाइटिंग ७,०००’. पैसे त्याने आधीच जीपेवर घेतले.

आला तो एकटाच, पाठीला एक बॅग. ना स्टँड, ना सॉफ्टबॉक्स (उजेड मऊ करायला दिव्यावर चढवतात ती पांढऱ्या कापडाची पेटी), ना मदतनीस. कॅमेऱ्यावर फ्लॅशगन आणि तिला दुधी प्लास्टिकची टोपी. लाइट कुठेत विचारलं तर म्हणाला, “ताई, हाच सॉफ्टबॉक्स. आता छोटे येतात.” गुरुजी पाटावर बसलेले, पाहुणे दारात; तेव्हा भांडायला कोणाला सवड? त्याचाही हिशेब तोच असणार.

छोटे येतात हे खरं, पण त्यांचा उपयोग काय? उजेड मऊ पडतो तो दिवा चेहऱ्याच्या मानाने मोठा आणि जवळ असला तर. तीन फुटी सॉफ्टबॉक्स तीन-चार फुटांवर तिरका लावला की सावलीची कड विरघळते, गालाला गोलाई येते. फ्लॅशगनचं तोंड जेमतेम तीन इंचांचं, त्यात लेन्सच्या डोक्यावर बसून समोरून मारा. टोपीने उजेड खोलीभर उधळतो, थोडा भिंतींवरून परत येतो. दिवा काही मोठा होत नाही.

फोटो आले. नथीची काळी सावली आईच्या ओठावर मिशीसारखी. बाबांच्या चष्म्याच्या दोन्ही काचांत पांढरे डाग, डोळे गायब. ग्रुप फोटोत पुढची नातवंडं पांढरीफटक आणि मागची मामामंडळी अंधारात, कारण अंतर दुप्पट झालं की उजेड पाव हिस्साच उरतो. वर ‘रिटच’ म्हणून आईच्या सगळ्या सुरकुत्या पुसून टाकलेल्या. आत्याने विचारलं, “ही कोण?”

तक्रार केली तर उत्तर आलं, “लाइटिंग केलेलंच आहे, तुम्हाला टेक्निकल कळत नाही.” इथे फोटोच साक्षीला आला. मोठी फाइल उघडून डोळ्यावर झूम करा. ज्या दिव्याने फोटो काढला त्याचं प्रतिबिंब तिथे असतं: सॉफ्टबॉक्सचा चौकोन, दिव्याला लावतात त्या छत्रीचा गोल, खिडकी असेल तर गजांसकट खिडकी. आईच्या डोळ्यात बाहुलीपाशी एकच बारीक ठिपका. त्याच्या पेजवरच्या नमुन्यांत मात्र ऐसपैस चौकोन. ते नमुने गूगल लेन्समध्ये टाकले, तर काही चक्क परदेशी फोटोग्राफरांच्या साइटवर निघाले!

फ्लॅशगनशी माझं वैर नाही. लग्नांत जाणकार लोक तीच पांढऱ्या छताकडे वळवून सुंदर फोटो काढतात, कारण मग छतच दिवा होतं. आमचं छत तपकिरी लाकडी, तिथे तेही जमलं नसतं. पण पैसे लाइटचे घेतले आणि लाइट आणले नाहीत, भांडण त्याचं आहे.

खरोखर लाइट आणणारा माणूस आधी तुम्हालाच प्रश्न विचारतो: हॉल केवढा, छत किती उंच, प्लग पॉइंट कुठे, लिफ्ट आहे का. आमच्या माणसाने फक्त पत्ता विचारला होता. व्हॉट्सॲपवर लिहून घ्या: लाइट किती, सॉफ्टबॉक्स किती फुटी, मांडायला किती आधी येणार, आणि आणले नाहीत तर ती रक्कम वजा. जुन्या कामातले रिटच न केलेले फोटोही मागा. बजेट नसेल तर थेट ऊन येत नाही अशा बाल्कनीच्या दाराशी माणसाला तिरकं बसवा आणि मोबाइलने काढा. भाच्याने नंतर आईचा तसाच काढला, हॉलमध्ये तोच लागलाय.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे १९१५ ला, तक्रार नोंदवली. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला ग्राहक आयोगात फी लागत नाही, हेही त्या फोटोग्राफरला कळवलं. त्यावर लाइटिंगचे ७,००० निमूट परत आले. बाकीच्या पैशांवर तो अडून बसलाय. भाऊ म्हणतो सोडून दे. मी कोटेशन, जीपेची नोंद आणि झूम केलेल्या डोळ्यांचे प्रिंट एका फाइलला लावतेय.