बस थांब्यासमोरचे मेडिकल आणि पोटाचे अस्तर

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावी सोमवारी आठवडी बाजार भरतो. कापूस वेचणीच्या दिवसांत त्या बाजारातून परतणाऱ्या बायामाणसांच्या पिशवीत तेलमीठ आणि भाजीपाल्याबरोबर अंगदुखीच्या गोळ्यांची एक पुडी हमखास असते. दिवसभर पऱ्हाटीत वाकून वेचल्यावर कंबर धरते आणि दुसऱ्या दिवसाची मजुरी बुडू नये म्हणून पहाटे कोऱ्या चहाबरोबर गोळी घेतली जाते. गेली दोन वर्षे मी बस थांब्यासमोरच्या ज्या मेडिकलमधून घरची सगळी औषधे आणतो, त्या दुकानाचे मोल या पुडीवरूनच जोखावे असे मला वाटते. मालकांनी नाव छापू नये अशी विनंती केली आहे, ती मी पाळत आहे.

त्याआधी आम्ही दुसऱ्या एका दुकानातून औषधे घेत होतो. माझ्या आईचे गुडघे दुखत असत. तिच्यासाठी तेथे दुखण्याच्या गोळ्यांच्या पट्टीचा तुकडा कापून कागदात गुंडाळून मिळे. चिठ्ठी कोणी मागत नसे, बिलही मिळत नसे. काही महिन्यांनी तिला चक्कर येऊ लागली, संडास डांबरासारखी काळी होऊ लागली, आणि संकोचापोटी तिने ही गोष्ट आठ दिवस कोणालाही सांगितली नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी दुर्बीण टाकून तपासल्यावर जठरात व्रण सापडला आणि रक्ताच्या दोन पिशव्या चढवाव्या लागल्या. पोटात आग नाही, दुखणे नाही, आणि थेट रक्तस्राव, याचे आम्हाला नवल वाटले होते. परंतु जी गोळी गुडघ्याची वेदना दाबते, ती व्रणाची वेदनाही झाकू शकते, हे तेव्हा आमच्या ध्यानी आले नव्हते.

घरी परतल्यावर मी डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन बस थांब्यासमोरच्या या दुकानात गेलो. मालक स्वतः औषधनिर्माणशास्त्र शिकलेले असून काउंटरवर तेच बसतात. त्यांनी चिठ्ठी शेवटपर्यंत वाचली आणि विचारले, "काकाजी, गुडघ्याची जुनी गोयी घरात उरली आहे काय? असंल तर ती पहिले इकडे आणून द्या." डायक्लोफिनॅक किंवा तत्सम वेदनाशामक गोळी मागणाऱ्या प्रत्येकाला ते असेच प्रश्न विचारतात: पूर्वी कधी पोटात व्रण झाला होता का, संडास काळी होते का, हृदयासाठी रक्त पातळ करण्याची गोळी चालू आहे का, आणि ही गोळी किती दिवसांपासून घेत आहात. ही औषधे चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियमच आहे आणि ते तो पाळतात. चिठ्ठी नसेल तर पॅरासिटामॉल देऊन, दिवसाला किती गोळ्यांच्या पुढे जायचे नाही ते पाकिटावर पेनाने लिहून देतात. पॅरासिटामॉल जठराच्या अस्तराला त्या मानाने फारच कमी त्रास देते.

मी शाळेत तीस वर्षे विज्ञान शिकवले आहे. मांस पचवणारे जठर स्वतःलाच का पचवत नाही, हा प्रश्न दरवर्षी एखादा मुलगा विचारायचाच. इंग्लंडमधील शल्यविशारद जॉन हंटर यांनी १७७२ साली याच कोड्यावर लिहिले होते. मृत्यूनंतर काही जणांचे जठर आपल्याच रसाने विरघळलेले त्यांना आढळले होते, म्हणजे जिवंतपणी त्याला राखणारे काहीतरी असले पाहिजे. ते काय, हे या दुकानदारांनी एकदा पाकिटाच्या मागच्या बाजूवर रेघा ओढून एका वेचणाऱ्या बाईला माझ्यासमोर समजावले आणि मला त्यांचे अतिशय कौतुक वाटले. मातीच्या भिंतीला आपण शेणामातीचे सारवण करतो, तसा जठराच्या आतल्या बाजूला चिकट श्लेष्माचा एक थर असतो. त्याची जाडी एका मिलिमीटरच्या लहानशा अंशाएवढी असते. अस्तराच्या पेशी त्या थरात बायकार्बोनेट सोडत राहतात, म्हणजे खायच्या सोड्यात असतो तोच आम्ल मारणारा भाग. त्यामुळे जठराच्या पोकळीतील रसाचा सामू (pH, जितका कमी तितके आम्ल तीव्र) १ ते २ असला तरी पेशींच्या अगदी लगत तो ७ च्या जवळपास राहतो. आम्लतेत हा लाखभर पटींचा फरक त्या पातळ थराच्या दोन बाजूंना सांभाळला जातो. शिवाय खरचटलेल्या जागेवर शेजारच्या पेशी थोड्याच वेळात सरकून येतात, आणि वरच्या पेशी काही दिवसांत नव्याने तयार होतात. या सगळ्यासाठी अस्तराला भरपूर रक्तपुरवठा लागतो.

सारवण करणारा हात म्हणजे प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये. श्लेष्मा, बायकार्बोनेट आणि रक्तपुरवठा या तिन्हींना तीच चालना देतात. १९७१ साली ब्रिटनमधील औषधशास्त्रज्ञ जॉन वेन यांनी दाखवून दिले की अॅस्पिरिनसारखी औषधे शरीरात ही द्रव्ये तयार होणेच थांबवतात. वेदना आणि सूज कमी होते ती त्यामुळे, आणि जठर उघडे पडते तेही त्यामुळेच. या कार्यासाठी त्यांना १९८२ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. १९७९ साली अमेरिकेत संशोधक आंद्रे रॉबर्ट यांनी उंदरांना अगोदर प्रोस्टाग्लँडिन देऊन नंतर जठरात शुद्ध अल्कोहोल, तीव्र आम्ल, इतकेच काय तर उकळते पाणीही सोडले, तरी जठरात खोल जखमा झाल्या नाहीत. आम्ल कमी करायला जेवढी मात्रा लागते, त्याहून कितीतरी कमी मात्रेत हे घडले, म्हणजे हे संरक्षण आम्ल रोखण्याहून वेगळे होते.

हे कळले की दुकानातील सल्ल्याचे महत्त्व कळते. आमच्याकडे पुष्कळांचा समज असा की गोळीऐवजी सुई घेतली तर पोट वाचते. दुकानदार हा समज न कंटाळता खोडून काढतात, कारण औषध सुईने गेले तरी रक्तातून अस्तरापर्यंत पोहोचते आणि प्रोस्टाग्लँडिन तेथेही कमी होतात. मात्र याच कारणाने त्यांच्या काउंटरवरील "दुखण्याची गोळी उपाशीपोटी घेऊ नये" ही पाटी मला अपुरी वाटते. ती वाचणाऱ्याला जेवून घेतली की धोका टळला असे वाटते. जेवणाने मळमळ थोडी कमी होत असेल, परंतु रोज गोळी घेणाऱ्याचे व्रणापासून रक्षण त्याने होत नाही. मी हे सांगितल्यावर त्यांनी पाटीखाली दुसरी ओळ लिहिली: "काळी संडास झाल्यास गोळी बंद करून त्याच दिवशी दवाखान्यात जावे."

'गॅसची गोळी' हा इथला दुसरा गोंधळ. आईला दिलेले पँटोप्राझोल, म्हणजे जठरातील आम्ल कमी करणारी अशीच एक गोळी, जेवणाच्या अर्धा तास आधी घ्यायची असते, आणि पट्टीवर ही वेळ लिहून देणारे दुकान मी प्रथमच पाहिले. ज्यांच्या तपासणीत हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू सापडतो, त्यांना बरे वाटू लागले तरी जंतुनाशकाच्या गोळ्या पूर्ण करण्यास ते बजावतात. या जंतूचा व्रणाशी असलेला संबंध ऑस्ट्रेलियाच्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी उलगडला व त्यांना २००५ चे नोबेल मिळाले, तरी आमच्या भागात व्रणाचा सगळा दोष अजून ठेच्यावरच जातो. १९९५ साली सिंगापूरमध्ये १८ निरोगी स्वयंसेवकांवर झालेल्या प्रयोगात तर अॅस्पिरिनच्या आधी तिखट घेतल्यावर जठराला कमी इजा झालेली दिसली. व्रण असलेल्या माणसाने तिखट खावे असा याचा अर्थ नाही, जखमेवर ते झोंबणारच. पण आईचा ठेचा बंद करून तिची गोळी मात्र चालू ठेवणारे आम्ही चुकीच्या जागी पहारा देत होतो.

बाकी व्यवहार चोख आहे. प्रत्येक खरेदीचे बिल मिळते, स्वस्त जेनेरिक औषध असेल तर ते आधी दाखवले जाते, आणि मे महिन्याच्या उन्हाळ्यात वीज गेली तरी इन्सुलिनचा फ्रिज इन्व्हर्टरवर चालू असतो.

दोन उणिवा मात्र गंभीर आहेत. दुकानात एकही स्त्री कर्मचारी नाही. भर बाजारात, चार पुरुषांसमोर, "काकू, संडास काया होते का?" या प्रश्नाला कोणती बाई होय म्हणेल? माझी आई म्हणाली नसती. सोमवारी गर्दीमुळे हे प्रश्न मागे पडतात, हेही मी पाहिले आहे. दुसरी उणीव वेळेची: दुकान साडेनऊला उघडते आणि मजूर सहालाच शेतात निघतात, त्यामुळे ज्यांना या प्रश्नांची सर्वांत जास्त गरज आहे ते किराणा दुकानातून गोळी घेऊन पुढे जातात. दोन्ही गोष्टी मी मालकांच्या कानावर घातल्या. त्यांची पत्नीही औषधनिर्माणशास्त्राची पदविकाधारक आहे. दिवाळीनंतर वेचणीला जोर आला की सकाळी सहा ते आठ ती दुकानात बसेल, असे त्यांनी सांगितले आहे.